तिळा तिळा, दार लावून घे!

अलीबाबाची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. गुहेपुढे उभं राहायचं, ‘तिळा तिळा दार उघड’ म्हणायचं, की दगड सरकतो आणि आतला खजिना दिसतो. पण कधी विचार केलाय, की दार उघडायला तीळच का? ज्वारीला का नाही सांगितलं, हरभऱ्याला का नाही?

गोष्ट रचणाऱ्याच्या मनात काय होतं ते सोडा. पण ज्याने आयुष्यात एकदा तरी तिळाची काढणी केली आहे, त्याला ही ओळ ऐकून हसू येईल. कारण तिळाला ‘दार उघड’ असं सांगावंच लागत नाही. बोंड पिकलं, वाळलं, की ते वरच्या टोकाकडून आपोआप उकलतं. वाऱ्याची एक झुळूक आली, कुणाचा धक्का लागला, की खजिना थेट मातीत. आणि तो दाणा इतका बारीक, की हजार दाण्यांचं वजन जेमतेम तीन ग्रॅम. मातीत सांडलेला तीळ वेचणारा अजून जन्माला यायचाय.

त्यामुळे शेतकऱ्याचं मागणं गोष्टीतल्या चोरांच्या बरोबर उलटं असतं: तिळा तिळा, दार लावून घे. निदान खळ्यावर पोचेपर्यंत तरी!

हे मागणं विज्ञानाने कधी ऐकलं, कुठे ऐकलं, आणि तिळाच्या जन्मभूमीत, म्हणजे आपल्याकडे, ते इतकं उशिरा का ऐकलं गेलं, त्याची ही गोष्ट. लांब आहे, पण सवडीने वाचा. तुमच्या-आमच्या ताटातल्या तेलाचा आणि संक्रांतीच्या तिळाचा प्रश्न आहे.

आधी आपल्या भाषेकडे बघू. ‘तेल’ हा शब्द आपण दिवसात दहा वेळा वापरतो. शेंगदाण्याचं तेल, सरकीचं तेल, खोबरेल तेल, अगदी रॉकेललाही आपण घासलेट तेल म्हणत आलो. पण मुळात ‘तेल’ म्हणजे तिळाचंच. संस्कृतात तिलापासून निघतं ते तैल, त्याचं मराठीत झालं तेल. म्हणजे ‘तिळाचं तेल’ म्हणताना आपण खरं तर एकच गोष्ट दोनदा सांगतो. आयुर्वेदात नुसतं ‘तैल’ म्हटलं की तिळाचंच धरायचं. शेंगदाणा तर दक्षिण अमेरिकेतून आलेला पाहुणा. तो येण्याआधी आपल्याकडचं गोडेतेल म्हणजे तिळाचंच तेल. मराठवाडा-सोलापूरकडे अजूनही काही घरांत तिळाला ‘हावरी’ म्हणतात, हावरीची चटणी करतात. ज्या पिकाच्या नावावरून एका अख्ख्या पदार्थाचं नाव पडलं, ते पीक आपल्या मातीत किती जुनं असेल बघा.

गंमत म्हणजे तीळ आपला आहे, हे मान्य व्हायला वनस्पतिशास्त्राला फार वेळ लागला. लिनियसने १७५३ साली त्याला ‘सेसॅमम इंडिकम’ असं नाव दिलं, म्हणजे नावातच ‘भारतीय’ होतं. पण पुढे अभ्यासकांनी पाहिलं, की या कुळातल्या बहुतेक रानटी जाती आफ्रिकेत वाढतात. मग तर्क झाला: जिथे भाऊबंद जास्त, तिथलंच मूळ गाव. बरीच वर्षं पुस्तकांतून ‘तीळ मूळचा आफ्रिकेचा’ असं छापलं जात होतं.

हा तर्क मोडला तो १९८० च्या दशकात. डोरोथिया बेडिजियन या अमेरिकी संशोधिकेने जॅक हार्लन या नामवंत पीकशास्त्रज्ञाबरोबर काम करून तीन बाजूंनी पुरावे गोळा केले. पहिली बाजू गुणसूत्रांची. तिळात गुणसूत्रांच्या १३ जोड्या असतात. आपल्या रानतिळातही तेवढ्याच. दोघांचा संकर सहज होतो आणि त्यातून आलेल्या झाडांना पुढे बीही धरतं. आफ्रिकेतल्या रानटी जातींशी तिळाचं असं जुळत नाही. दुसरी बाजू रसायनशास्त्राची. तिळाच्या तेलात सेसमिन आणि सेसमोलिन अशी दोन खास द्रव्यं असतात. १९८५ च्या त्यांच्या शोधनिबंधात याच द्रव्यांवरून नातं तपासलं, तेव्हाही बोट भारतीय रानतिळाकडेच गेलं. तिसरी बाजू पुरातत्त्वाची. हडप्प्याच्या उत्खननात माधो स्वरूप वत्स यांना जळून कोळसा झालेला तिळाचा गोळा सापडला होता. १९४० साली छापलेल्या त्यांच्या अहवालात त्याची नोंद आहे. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही आधी, सिंधूच्या खोऱ्यात तीळ होता.

तिथून तो समुद्रमार्गे मेसोपोटेमियात गेला असावा. तिथल्या जुन्या लेखांत तेलाला ‘एल्लू’ असा शब्द येतो आणि आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये तिळाला आजही ‘एळ्ळु’ म्हणतात. सोलापूर-कोल्हापूरच्या मंडळींनी संक्रांतीला ‘एळ्ळु-बेल्ला’ ऐकलं असेल. या साम्याकडे बऱ्याच अभ्यासकांनी लक्ष वेधलंय. ते निव्वळ साम्यही असू शकतं, पण व्यापार होता याबद्दल वाद नाही.

आणि तो रानतीळ, म्हणजे तिळाचा रानातला पूर्वज, कुठे शोधायला जायची गरज नाही. पावसाळा सरताना कोकणात, घाटउतारावर, रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीवर गुलाबी-जांभळ्या घंटेसारख्या फुलांची उंच झाडं दिसतात. फुलाच्या खालच्या पाकळीवर गडद जांभळा डाग. आपण त्याला तण म्हणतो. रस्ता रुंद करणारा जेसीबी त्याला काहीच म्हणत नाही, सरळ उखडतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणसाने गहू, तांदूळ, बार्ली माणसाळवले तेव्हा त्यांची सर्वात मोठी खोड मोडली. रानटी गव्हाची ओंबी पिकली की दाणे झडायचे. माणूस विळ्याने कापून आणायचा ती न झडलेलीच ओंबी. तेच बी पुढच्या वर्षी पेरलं जायचं. काही हजार वर्षांत न झडणारा गहू तयार झाला. कुणी ठरवून केलं नाही, पण झालं.

मग तिळाची खोड चार हजार वर्षांत का मोडली नाही? उत्तर आपल्या काढणीच्या पद्धतीत आहे. तीळ खालून वर पिकत जातो. शेंड्याला फुलं असतात तेव्हा खालची बोंडं भरत आलेली असतात. आपला शेतकरी सगळी बोंडं वाळायची वाट बघतच नाही. पानं पिवळी पडली, खालची बोंडं पिवळसर झाली की तो झाड कापतो, पेंढ्या बांधतो आणि खळ्यावर उभ्या करून ठेवतो. बोंडं तिथे उकलतात. मग ताडपत्रीवर पेंढी उलटी धरून हलकेच झटकायची. राहिलेली बोंडं वाळली की चार दिवसांनी पुन्हा झटकायची, मग अजून एकदा. या पद्धतीत बोंड उघडणं ही अडचण नाही, ती सोय आहे! उघडणारं बोंड असेल तरच दाणा हाती येतो. बंद बोंडाचं झाड चुकून आलंच असेल, तर त्याचा दाणा खळ्यावर निघालाच नसेल आणि पुढच्या वर्षी पेरलाही गेला नसेल.

म्हणजे आपल्या पूर्वजांनी झाड बदललं नाही, पद्धत बदलली. शहाणपणच होतं ते. पण या शहाणपणाची किंमत कुणी मोजली? हातांनी. वेळेवर कापणारे, बांधणारे, उभं करणारे, तीन तीन वेळा झटकणारे, पाखडणारे हात. त्यातले बहुतेक हात बायकांचे. जोवर हे हात स्वस्त होते, तोवर ‘बोंड बंद ठेवता येईल का’ हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

प्रश्न पडला तो दूर दक्षिण अमेरिकेत. तिकडे वळण्याआधी, त्याच काळात विज्ञान तिळाचं दुसरं काय करत होतं ते पाहू. त्यातून एक गोष्ट नीट कळते.

तिळाच्या तेलाचा एक जुना गुण आहे. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर घालून हलवलं तर लालभडक रंग येतो. दुसऱ्या खाद्यतेलांना असा रंग येत नाही. एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या या परीक्षेला बोदुआँ परीक्षा म्हणतात. पुढे साखरेऐवजी फुरफुराल वापरू लागले. आता हिचा उपयोग काय? युरोपात लोण्यात मार्गारिन मिसळून विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा जर्मनीने १८९७ साली कायदाच केला, की मार्गारिनमध्ये तिळाचं तेल घातलंच पाहिजे. लोण्यात भेसळ केली की परीक्षेत रंग येणार आणि चोर सापडणार!

तीच युक्ती आपल्याकडेही आली. १९३७ पासून डालडा घराघरांत शिरला आणि त्याच्या पाठोपाठ साजूक तुपात वनस्पती तूप मिसळण्याचा धंदा. सरकारने मग वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. आपल्या आज्यांनी हातगाडीवरून आणलेलं तूप सरकारी प्रयोगशाळेत गेलं, तर त्यातली भेसळ पकडून द्यायचा तो तीळ. कितीतरी वर्षं तिळाने या देशात साक्षीदाराचं काम केलं आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

दुसरं उदाहरण डासांच्या फवाऱ्याचं. शेवंतीच्या जातीच्या एका फुलापासून पायरेथ्रम नावाचं कीटकनाशक निघतं. १९४० च्या सुमारास अमेरिकेत लक्षात आलं, की त्यात तिळाचं तेल मिसळलं तर त्याचा जोर कितीतरी वाढतो. १९४२ मध्ये कळलं, की ही करामत सेसमिनची. अशाच रचनेचा तुकडा असलेलं पायपेरोनिल ब्युटॉक्साइड पुढे आलं, आणि घरगुती फवाऱ्यांच्या डब्यावर ते नाव आजही वाचायला मिळतं. तिसरं उदाहरण जपानचं. तिळाचं तेल महिनोन् महिने खवट का होत नाही, याचा शोध मित्सुओ नामिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात घेतला. भाजताना सेसमोलिनपासून सेसमोल तयार होतं आणि ते तेलाला हवेपासून जपतं, हे त्यातून स्पष्ट होत गेलं. भाजलेल्या तिळाची चटणी टिकते, हे आपल्या घरांत ठाऊक होतं. ‘का’ ते प्रयोगशाळेने सांगितलं.

आता या तीन उदाहरणांत एक गोष्ट बघा. तिळाच्या तेलाचं संशोधन भराभर झालं, कारण त्याची गरज कारखान्याला, बाजाराला, सरकारी प्रयोगशाळेला होती. तिळाच्या झाडाचं संशोधन मात्र रेंगाळलं, कारण त्याची गरज ज्याला होती तो मागणी घेऊन प्रयोगशाळेच्या दारात जाऊ शकत नव्हता. प्रश्न कुणाचा आहे यावर संशोधन कशावर होणार ते ठरतं. हे वाक्य तिळापुरतं नाही, पण तिळात ते स्वच्छ दिसतं.

तर, दक्षिण अमेरिका. व्हेनेझुएलात डेराल्ड जॉर्ज लँगहॅम हा तरुण अमेरिकी पैदासशास्त्रज्ञ १९४० च्या सुमारास तिळावर काम करत होता. तिथे तेलबियांचं पीक वाढवायचं होतं, पण यंत्राने काढायला जावं तर अर्धा तीळ जमिनीवर. १९४३ साली त्याला शेतात एक वेगळं झाड दिसलं. सगळं वाळलं तरी त्याची बोंडं बंदच! त्याने ते बी जपलं, संकर केले आणि दाखवून दिलं, की हा गुण एकाच जनुकामुळे येतो आणि तो अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. १९४६ साली त्याने हे छापलं तेव्हा शीर्षकातच अलीबाबाच्या त्या ओळीवर कोटी केली होती.

वाटलं, आता जग बदलणार. पण झालं भलतंच. हे बोंड इतकं घट्ट बंद होतं की मळणीयंत्रालाही दाद देईना. जोर लावून फोडावं तर आतला नाजूक दाणा चेमटायचा. चेमटलेल्या दाण्याचं तेल लवकर खराब होतं. शिवाय त्या एका जनुकाबरोबर बाकीच्या खोडीही आल्या: पानं वाटीसारखी वळलेली, खोड वेडंवाकडं, बी कमी धरणारं. दार बंद झालं, पण घरच पडायला आलं.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं याच गुंत्यात गेली. इस्रायलमध्ये अम्राम अश्री यांनी प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. ते म्हणाले, बोंड उघडतं ही निम्मी अडचण. खरी अडचण अशी की खालचं बोंड पिकतं तेव्हा वरचं अजून फुलात असतं. सगळी बोंडं एकदम पिकली तर? त्यांनी बियांवर गॅमा किरण सोडले आणि हजारो झाडांतून असं एक झाड निवडलं, ज्याचा शेंडा ठरावीक उंचीला वाढायचा थांबतो आणि बोंडं जवळपास एकदम पिकतात. दक्षिण कोरियानेही किरणोत्सर्गातून मिळवलेली वाणं शेतकऱ्यांपर्यंत नेली. १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि अन्न व कृषी संघटना यांनी अनेक देशांना एकत्र आणून तिळावर उत्परिवर्तनाचा कार्यक्रम चालवला; त्याच काळात तुर्कस्तानात बंद बोंडाची नवी झाडं मिळाली.

खरा तोडगा निघाला तो लँगहॅमच्याच घरात. १९७८ साली अमेरिकेत सेसॅको ही कंपनी सुरू झाली आणि लँगहॅमचा मुलगा रे लँगहॅम तिथे तिळाची पैदास करू लागला. बापाने दार पूर्ण बंद करायचा ध्यास घेतला होता. मुलाच्या लक्षात आलं, की दार पूर्ण बंद नकोच आहे. बोंडाचं टोक थोडं उघडू दे, म्हणजे आतली ओल निघून जाईल. पण दाणा आतल्या नाळेला धरून राहिला पाहिजे आणि पडद्यांनी त्याला अडवून ठेवलं पाहिजे. वाऱ्याने पडायचा नाही, पण यंत्राच्या हलक्या धक्क्याने सुटायचा. म्हणजे दार किलकिलं ठेवायचं! पिढ्यान् पिढ्या निवड करत त्याने तशी वाणं काढली. आज अमेरिकेतला तीळ उभाच्या उभा वाळतो आणि गव्हासारखा हार्वेस्टरने निघतो.

चीनने तिसरी वाट धरली. वूहानच्या तेलबिया संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१४ साली तिळाचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात २७,१४८ जनुकं मोजली होती. २०१८ मध्ये चिनी संशोधकांनीच बंद बोंड आणि वळलेली पानं या दोन्हींमागचं एक जनुक शोधून काढलं. लँगहॅमच्या झाडात चांगला गुण आणि खोड हातात हात घालून का आले होते, त्याचं कोडं सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी सुटू लागलं. हेक्टरी उत्पादनातही चीन आपल्या दुपटीच्या बराच पुढे आहे.

आणि आपण?

आपल्याकडे काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९६७ पासून तेलबियांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प आहे. तीळ आणि कारळ्याचं काम जबलपूरहून चालत आलं. आपल्या जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने फुले तीळ, तापी, पद्मा, जेएलटी-४०८ अशी वाणं दिली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने एकेटी-६४, एकेटी-१०१ दिली. पांढरा टपोरा दाणा, अडीच-तीन महिन्यांत निघणारं पीक, उन्हाळी लागवड, हे सगळं याच लोकांचं काम. खानदेशात, विदर्भात ज्यांनी ही वाणं लावली त्यांना फरक माहीत आहे. तिळाला छळणारा पर्णगुच्छ रोग घ्या. फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुबके येतात आणि झाड वांझ राहतं. तो तुडतुड्यांमार्फत पसरतो हे आपल्याच संशोधकांनी १९५० च्या दशकात दाखवलं. विषाणूऐवजी जिवाणूसारखा एक अतिसूक्ष्म जीव अशा रोगांचं कारण असतो, हे जपानमध्ये १९६७ साली उघड झालं. या रोगाशी झुंजण्याची ताकद रानतिळात दिसल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे रस्त्याकडेला जेसीबी ज्याला उखडतो, ती आपली औषधपेटी आहे.

पण सर्वसामान्य शेतकऱ्याच्या वावरात आजही उघडणारंच बोंड आहे. सरासरी उत्पादन हेक्टरी चार-पाच क्विंटलांच्या आसपास घुटमळतं. १९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान अभियान आलं, पिवळी क्रांती झाली म्हणतात. झालीही. पण ती मोहरीची झाली, सोयाबीनची झाली. सोयाबीनला पेरणीयंत्र होतं, मळणीयंत्र होतं, पेंडीला परदेशात गिऱ्हाईक होतं, गावोगाव खरेदीदार होता. तिळाला होते फक्त हात. आणि नेमके तेच हात त्या काळात महाग होऊ लागले, शहरात जाऊ लागले. आज महाराष्ट्रात सोयाबीन चाळीस लाख हेक्टरांच्या वर आहे आणि तीळ हजारांत मोजायची पाळी आली आहे. ज्या बांधावर, कपाशीच्या तासांत, तुरीच्या जोडीला तीळ असायचाच, तिथे तो आता शोधावा लागतो.

कागदावर तिळाचा मान मोठा आहे. २०२५-२६ च्या खरिपासाठी तिळाचा हमीभाव क्विंटलला ९,८४६ रुपये जाहीर झालाय. सोयाबीनपेक्षा दुपटीच्या आसपास भरेल. तरी शेतकरी तिळाकडे वळत नाही. तो वेडा नाही. काढणीच्या आठवड्यात मजूर मिळाले नाहीत, एक अवकाळी सर आली, की भाव कितीही असला तरी माल मातीत. बाजारात आफ्रिकेतून आलेला तीळ आहे. ज्या आफ्रिकेला आपण तिळाचं माहेर समजत होतो, तिथून आता आपल्या संक्रांतीला तीळ येतो!

मग करायचं काय? काही जण म्हणतील, अमेरिकेचं वाण आणा, हार्वेस्टर आणा, झालं. इतकं सोपं नाही. ते बी कंपनीचं, पेटंटचं. आणि दोन एकरवाल्याला हार्वेस्टरची भाषा परवडत नाही. पूर्ण बंद बोंड तर त्याच्या गळ्यातली धोंडच, कारण हाताने झटकून ते निघणार नाही. आपल्याला हवं ते मधलं: आठ-दहा दिवस जास्त उभं राहिलं तरी दाणा सांडू नये, पण कापून खळ्यावर आणलं की झटकून किंवा गावातल्या साध्या मळणीयंत्रातून निघावा. दार किती उघडायचं, हे आपल्या शेताच्या मापाने ठरवायला हवं. ते माप टेक्सासमध्ये किंवा वूहानमध्ये कुणी घेणार नाही. ते जळगाव-अकोल्यालाच घ्यावं लागेल.

त्यासाठी अवघड काही नको. तिळाच्या संशोधन केंद्रांत रिकाम्या जागा भरा आणि पैदासकाराला एकाच पिकावर पंधरा-वीस वर्षं सलग काम करू द्या, कारण लँगहॅम बाप-लेकांना दोन पिढ्या लागल्या. वाणाची शिफारस करताना हेक्टरी उत्पादनाबरोबर ‘काढणीला किती मजूर लागले आणि किती दाणा सांडला’ हेही मोजा. रानतिळाचं आणि गावठी वाणांचं बी गोळा करून जपा. आणि हमीभाव जाहीर केलाय तर खरेदी केंद्रही उघडा. निदान ते दार तरी किलकिलं नको.

खाली कमेंटमध्ये एक गोष्ट नक्की लिहा: तुमच्या गावात तीळ अजून पेरतात का? पेरत असतील तर गावठी आहे की विद्यापीठाचं वाण? काळा, पांढरा, तांबडा? काढणीला एकरी किती मजूर लागतात, आणि सांडतो किती? घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहिलंत तर उत्तम. जमलेली माहिती व्यवस्थित लिहून काढून आपण कृषी विद्यापीठाकडे आणि आपल्या आमदारांकडे पाठवू. मागणी घेऊन प्रयोगशाळेच्या दारात कुणी गेलं नव्हतं म्हणूनच हे काम मागे पडलं. तेव्हा आपण जाऊ.